पाठीवरून नेता येणारा रिपीटर



२६ जुलै २००५ हा दिवस तुमच्या जन्माच्या आधीचा. पण तुम्ही मुंबई-ठाण्याकडे राहत असाल, तर घरातल्या वडील माणसांकडून त्याची हकिगत ऐकली असेलच. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच काळात कुलाब्याला मात्र पडला जेमतेम ७३ मिलिमीटर! लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. उपनगरांत कित्येक ठिकाणी वीज गेली. टेलिफोन बंद पडले आणि मोबाइलही मुके झाले. हजारो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून घराकडे चालत निघाली. ती कोठे आहेत, सुखरूप आहेत की नाहीत, हे घरच्यांना कळण्याची सोय उरली नव्हती. आमच्या मीरा रोडसारख्या गावातून रोज सकाळी दहिसरपलीकडे कामाला जाणारी माणसे कितीतरी असतात. त्या रात्री किती घरांतले डोळे दाराकडे लागून राहिले असतील, याची कल्पना करा.

आता एक प्रश्न. मोबाइल हे तर बिनतारी यंत्र. मग पाण्याने ते मुके का व्हावे? याचे कारण असे, की तुमचा मोबाइल थेट मित्राच्या मोबाइलशी बोलत नाही. तो बोलतो जवळच्या मनोऱ्याशी. तो मनोरा पुढे केंद्राशी, केंद्र दुसऱ्या मनोऱ्याशी. यांतील प्रत्येक टप्प्याला वीज लागते. वीज गेली की मनोऱ्याखालच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात, मग तो गप्प होतो. जे मनोरे चालू राहतात, त्यांच्यावर सर्वांचे फोन एकदमच येऊन आदळतात. दोन डब्यांच्या गाडीत बारा डब्यांचे प्रवासी शिरू लागले, तर जे होईल तेच येथे होते.

अशा वेळी उपयोगी पडतो तो या लांबलचक साखळीवाचून चालणारा रेडिओ. जगभर लाखो माणसे हौस म्हणून असे रेडिओ वापरतात. सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन ती एकमेकांशी बोलतात, यंत्रे बांधतात, प्रयोग करतात. त्यांना हौशी रेडिओचालक किंवा ‘हॅम’ म्हणतात. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने हौशी रेडिओचालकांचे एक पथक अंदमानात गेले होते. हेतू केवळ हौसेचा होता. पण २६ डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली आणि नेहमीची दळणवळणाची साधने कोलमडली. तेव्हा पोर्ट ब्लेअरमधील याच केंद्रावरून खुशालीचे आणि मदतीचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले.

अशा हौशी मंडळींच्या सामानातील एका पेटीची ओळख आज आपण करून घेणार आहोत. तिचे नाव रिपीटर. ती दिसायला साधी असते, पण तिच्या पोटात पदार्थविज्ञानाचे एक मोठे अवघड कोडे दडलेले आहे.

डोंगर आडवा येतो

हौशी मंडळींच्या हातातला वॉकी-टॉकी संच साधारणपणे ५ वॅट शक्तीचा असतो. तो बहुधा १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे त्याच्या लहरी एका सेकंदात साडेचौदा कोटी वेळा कंप पावतात. या लहरींची लांबी सुमारे २ मीटर असते. एवढ्या आखूड लहरी जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात. त्यांना डोंगर ओलांडता येत नाही, आणि पृथ्वीची गोलाईही त्यांना आड येते.

जमिनीपासून h मीटर उंचीवर एरियल असेल, तर त्याचे रेडिओ-क्षितिज किती दूर असेल, हे काढण्याचे सोपे सूत्र आहे : उंचीचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. (डोळ्यांच्या क्षितिजासाठी हाच गुणक ३.५७ असतो. हवा रेडिओलहरींना किंचित खाली वाकवते, म्हणून त्यांची मजल थोडी अधिक.) तुम्ही संच तोंडाशी धरून उभे आहात, म्हणजे एरियल दीड मीटरवर आहे. तुमचे क्षितिज झाले ५ किलोमीटर. समोरच्या माणसाचेही तेवढेच. सपाट, मोकळ्या मैदानावर दोघांत १० किलोमीटरपर्यंत बोलणे शक्य. पण इमारतींच्या दाटीत तेही नाही.

मीरा रोड स्टेशनपासून ठाणे स्टेशन सरळ रेषेत सोळा-सतरा किलोमीटर आहे. पण या दोहोंच्या मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे, येऊरचे डोंगर उभे आहेत. उत्तरेकडे वसई रोड स्टेशन साडेअकरा किलोमीटरवर. तिकडे डोंगर नाही. आहेत ती मिठागरे आणि वसईची खाडी. तरीही रस्त्यावर उभे राहून मीरा रोडहून वसईशी बोलता येत नाही, कारण एक तर अंतर दोघांच्या क्षितिजांच्या बेरजेपेक्षा जास्त, आणि भोवती इमारतींची भिंत.

मग काय करावे? दोघांनाही दिसेल अशा उंच जागी एक मध्यस्थ बसवावा. समजा, ४० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवर तो बसविला. ४० चे वर्गमूळ सुमारे ६.३, त्याला ४.१२ ने गुणले की २६ किलोमीटर. त्यात तुमचे ५ मिळवा. म्हणजे ३१ किलोमीटरवरचा माणूसही, मध्ये काही आड येत नसेल तर, या मध्यस्थाच्या टप्प्यात आला! हा मध्यस्थ एका वारंवारतेवर ऐकतो आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर मोठ्याने सांगतो. हाच रिपीटर. शेताच्या बांधावर उभे राहून या टोकाची हाक त्या टोकाला पोहोचविणाऱ्या गड्यासारखे त्याचे काम असते.

कायमचे रिपीटर डोंगरावर किंवा उंच इमारतींवर बसविलेले असतात. परंतु संकट काही त्यांची जागा पाहून येत नाही. म्हणून हवा तो पाठीवरच्या पिशवीत मावणारा, कोठेही नेऊन अर्ध्या तासात उभा करता येणारा रिपीटर.

कोडे

रिपीटरला काय काय लागते? एक ग्राही, एक प्रक्षेपक, त्यांना जोडणारी नियंत्रक पाटी, एरियल आणि बॅटरी. “एवढेच ना? ग्राहीच्या कर्ण्याची तार प्रक्षेपकाच्या मायक्रोफोनला जोडली, की झाला रिपीटर!” असे तुम्ही म्हणाल. आम्हा काही हौशी मंडळींनाही प्रथम असेच वाटले होते.

मीरा रोडच्या एका गच्चीवर आम्ही सगळी जोडाजोड केली. दोन्ही एरियले गच्चीवर दहा मीटर अंतराने उभी केली. ऐकण्याची आणि बोलण्याची वारंवारता यांत रीतीप्रमाणे ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवले. खाली फाटकाशी उभा असलेला मित्र बोलला. रिपीटरने त्याचा आवाज स्वच्छ पुढे पाठविला. आम्ही आनंदाने टाळ्या वाजविल्या. मग वसईकडचा मित्र बोलला. क्षणभर त्याचा आवाज आला, लगेच खरखर, पुन्हा क्षणभर आवाज, पुन्हा खरखर. गंमत अशी, की प्रक्षेपक बंद ठेवून नुसते ग्राहीवर ऐकले, तर तोच मित्र अगदी स्पष्ट ऐकू येई!

मग आम्ही प्रक्षेपकाचे एरियल काढले आणि त्या जागी ५० ओहमचा एक मोठा रोध जोडला. असा रोध प्रक्षेपकाची सगळी शक्ती उष्णतेत जिरवितो. बाहेर लहरी जवळजवळ जातच नाहीत. आता प्रक्षेपक चालू असतानाही वसईचा मित्र ग्राहीवर ऐकू येऊ लागला. दोष सापडला. आमचा रिपीटर स्वतःच्याच ओरडण्याने बहिरा होत होता.

हा अनुभव तुम्हांला घरीही घेता येईल. मित्राला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा करून हळू आवाजात एखादा धडा वाचायला सांगा. आता तुम्ही मोठ्याने पाढे म्हणत म्हणत तो काय वाचतो ते ऐकण्याचा प्रयत्न करा. तोंड आणि कान तुमचेच. पण ओरडणारे तोंड कानाच्या किती जवळ आहे पाहा!

रिपीटरमध्ये हा फरक किती असतो, त्याचे गणित करू या. चांगल्या ग्राहीला ऐकू येण्यासाठी ५० ओहमवर ०.२ मायक्रोव्होल्ट इतका दाब पुरतो. दाबाच्या वर्गाला रोधाने भागले की शक्ती मिळते. येथे ती येते ८ भागिले १ वर १६ शून्ये, इतके वॅट! आणि शेजारचा प्रक्षेपक ओरडतो १० वॅटने. दोहोंचे गुणोत्तर १ वर १६ शून्ये, याहूनही थोडे अधिक भरते. असल्या अवजड संख्या मोजायला डेसिबेल हे माप सोयीचे. शक्ती दहापट झाली की १० डेसिबेल, शंभरपट झाली की २०, हजारपट झाली की ३०. आपल्या कोड्यातील फरक आहे १६० डेसिबेलांचा.

ग्राही वेगळ्या वारंवारतेवर लावलेला असल्यामुळे यांपैकी बराच भार तो स्वतः सोसतो. तरी उरलेले ८० ते ९० डेसिबेल आपल्यालाच अडवावे लागतात. शिवाय त्रास दुहेरी असतो. पहिला असा, की प्रक्षेपकाच्या जोरदार लहरीने ग्राहीचे पहिलेच वर्धक दडपून जाते. दुसरा त्रास अधिक छुपा. कोणताही प्रक्षेपक फक्त आपल्या वारंवारतेवरच बोलत नाही. त्याच्या दोन्ही अंगांना मंद खरखरीची झालर असते. ती झालर थेट ग्राहीच्या वारंवारतेवर येऊन पडते, आणि तेथे ग्राही कितीही चांगला असला तरी तिला ओळखून बाजूला काढू शकत नाही. म्हणून गाळणी दोन्हीकडे हवी : ग्राहीच्या वाटेवरही आणि प्रक्षेपकाच्या वाटेवरही.

रिपीटर बांधणे म्हणजे तोंड आणि कान एकमेकांपासून वेगळे करणे. ते कसे करता येते, याचे चार मार्ग पाहू.

पहिला मार्ग : गाळणी

सतारीत मुख्य तारांच्या खाली तरफेच्या तारा असतात. वरची तार छेडली, की तिच्या सुराशी जुळलेली तरफच आपोआप निनादते. बाकीच्या स्वस्थ राहतात. यालाच अनुनाद म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारा. ठराविक सूर निघेल. थोडे पाणी घालून पुन्हा फुंका. सूर चढेल. बाटलीतील हवा ठराविक सुरालाच दाद देते.

रेडिओलहरींसाठीही अशी ‘बाटली’ करता येते. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा रुंद नळा घ्यायचा आणि त्याच्या मधोमध लहरीच्या लांबीच्या पाव भागाएवढा दांडा बसवायचा. १४५ मेगाहर्ट्झला हा पाव भाग सुमारे ५२ सेंटिमीटर होतो. स्क्रू फिरवून दांड्याची लांबी कमी-जास्त केली, की नळ्याचा ‘सूर’ बदलतो. असे काही नळे ग्राहीच्या वाटेत आणि काही प्रक्षेपकाच्या वाटेत बसविले, की एकाच एरियलवरून एकाच वेळी ऐकता आणि बोलता येते. या जोडणीला डुप्लेक्सर म्हणतात.

पण हे काम किती नाजूक असते पाहा. हार्मोनियमच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या सुरांत सुमारे ६ टक्के फरक असतो. आपल्या दोन वारंवारतांत फरक आहे ६०० किलोहर्ट्झ, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी! इतक्या जवळचे दोन सूर वेगळे करायला नळे मोठे आणि घडण अचूक लागते. आणखी एक अडचण म्हणजे ऊन. ५२ सेंटिमीटरचा तांब्याचा दांडा २० अंशांनी तापला, तर सुमारे ०.१८ मिलिमीटर वाढतो. एवढ्यानेही त्याचा सूर जवळजवळ ५० किलोहर्ट्झने उतरतो. म्हणून चांगल्या नळ्यांत दांड्याचा आधार इन्व्हार या मिश्रधातूचा असतो. लोखंड आणि ३६ टक्के निकेल यांचा हा मिश्रधातू उष्णतेने फारच थोडा प्रसरण पावतो.

डोंगरावरच्या कायमच्या रिपीटरला हा मार्ग उत्तम. परंतु अर्ध्या मीटरहून लांब असे चार-सहा नळे पाठीवर घेऊन पुराच्या पाण्यातून कोण जाणार?

दुसरा मार्ग : अंतर

तोंड आणि कान दूर ठेवले तर? आम्ही गच्चीवर एरियले दहा मीटर अंतराने, पण एकाच पातळीवर ठेवली होती. त्यामुळे मिळाले अंदाजे ३६ डेसिबेल. तीच एरियले एकाखाली एक, दहा मीटर अंतराने टांगली असती, तर सुमारे ५६ डेसिबेल मिळाले असते. हे कसे? उभे एरियल आडव्या दिशांना सगळीकडे लहरी फेकते, पण थेट वर आणि थेट खाली फारच थोड्या. म्हणून एकाच्या डोक्यावर दुसरे ठेवले, की दोघे एकमेकांना कमी ‘पाहतात’.

केवळ याच मार्गाने ८५ डेसिबेल मिळवायचे तर उभे अंतर लागेल सुमारे ५५ मीटर, म्हणजे अठरा मजले! मीरा रोडला एवढ्या उंच इमारती आहेत खऱ्या. पण खालचे एरियल जमिनीशी आले, तर उंचीचा फायदाच गेला. तेव्हा अंतर हा मदतनीस चांगला, पण एकट्याच्या बळावर तो पुरा पडत नाही.

तिसरा मार्ग : दोन वेगळे पट्टे

दोन सूर जवळ आहेत म्हणून गाळणी अवघड झाली. मग ते दूरच ठेवले तर? भारतातील हौशी रेडिओचालकांना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झप्रमाणेच ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हा पट्टाही मोकळा आहे. एका पट्ट्यावर ऐकायचे आणि दुसऱ्यावर बोलायचे. आता दोन सुरांत तिपटीचा फरक पडला. त्यांना वेगळे करणारी गाळणी काही तारेची वेटोळी आणि लहान धारित्रे यांची होते आणि ती काड्यापेटीच्या दोन-तीन पेट्यांएवढ्या डबीत मावते.

हाच मार्ग आपल्या देशाने अवकाशातही वापरला आहे. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी ६ या रॉकेटाने कार्टोसॅट-१ बरोबर ‘हॅमसॅट’ नावाचा ४२.५ किलोग्रॅमचा छोटा उपग्रह सोडला. खास हौशी रेडिओचालकांसाठी इस्रोने तो बांधला होता. तो ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐके आणि १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोले. २०१४ च्या जुलैपर्यंत त्याने सेवा दिली.

आम्हीही हा मार्ग धरला. पण येथेही एकदा फजिती झाली. आम्ही रिपीटरला १४५ मेगाहर्ट्झवर बोलायला आणि ४३५ मेगाहर्ट्झवर ऐकायला लावले. कोणी बोलत नसताना तो एकदा चालू झाला, तो बंदच होईना! याचे कारण तुम्हांला सुचते का? १४५ ला ३ ने गुणून पाहा. बरोबर ४३५! प्रत्येक प्रक्षेपकातून मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट अशा वारंवारतांच्या क्षीण लहरीही निसटतात. आमचा रिपीटर स्वतःचाच तिप्पट सूर ऐकून स्वतःलाच उत्तर देत बसला होता.

उपाय सोपा निघाला. कामांची अदलाबदल केली. आता तो १४५ वर ऐकतो आणि ४३५ वर बोलतो. ४३५ ची तिप्पट १,३०५. ती ऐकण्याच्या पट्ट्याच्या आसपासही येत नाही. हॅमसॅटच्या वारंवारता मुद्दाम पाहा : तो १४५.८७ ते १४५.९३ वर बोले. याची तिप्पट ४३७.६१ ते ४३७.७९. आणि तो ऐके ४३५.२२ ते ४३५.२८ वर. दोहोंत दोन मेगाहर्ट्झहून अधिक अंतर राखलेले होते.

या मार्गात एक उणीव आहेच. दोन्ही पट्टे असलेला संच ज्याच्यापाशी नाही, त्याला हा रिपीटर वापरता येत नाही.

चौथा मार्ग : पोपट

शेवटचा मार्ग सर्वांत साधा. तोंड आणि कान जागेने नव्हे, वारंवारतेनेही नव्हे, तर काळाने वेगळे करायचे! रिपीटर आधी शांतपणे ऐकतो आणि तीसेक सेकंदांचे बोलणे साठवून ठेवतो. तुम्ही थांबलात, की तो तेच बोलणे त्याच वारंवारतेवर पुन्हा म्हणतो. एकच संच, एकच एरियल, गाळणी नाही. हौशी मंडळी याला लाडाने ‘पोपट’ म्हणतात. मात्र प्रत्येक निरोपाला दुप्पट वेळ लागतो, आणि सगळ्यांना आपापली पाळी धीराने पाहावी लागते. निकडीच्या वेळी हातात दुसरे काही नसेल, तर हा पोपट फार मोलाचा.

बॅटरीचे अंकगणित

हलक्या पेटीसाठी शक्तीचाही हिशेब लागतो. आमचा ५ वॅटचा प्रक्षेपक १२ व्होल्टवर बोलताना अंदाजे १.५ अँपियर विद्युत्प्रवाह घेतो. गप्प असताना सगळी पेटी मिळून पाव अँपियर घेते. समजा, दिवसाचा पाव भाग बोलण्यात गेला. मग सरासरी प्रवाह सुमारे ०.५६ अँपियर झाला. चोवीस तासांना साडेतेरा अँपियर-तास. दुकानात मिळणारी ७ अँपियर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी येथे अपुरी पडते. शिवाय ती निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, म्हणजे सहा तासांत काम संपले. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारची २० अँपियर-तासांची बॅटरी सुमारे अडीच किलोग्रॅमची असते. तिचे चार-पंचमांश वापरले तरी एक दिवस आणि वर चार तास निघतात.

“५ ऐवजी २० वॅटचा प्रक्षेपक का नको?” असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. शक्ती चौपट केली, तर बोलताना बॅटरी सुमारे चौपट वेगाने संपेल, पण मिळतील केवळ ६ डेसिबेल. उलट एरियल १० मीटरवरून ४० मीटरवर नेले, तर क्षितिज १३ किलोमीटरवरून २६ वर जाते, आणि बॅटरीतला एक थेंबही जास्त खर्च होत नाही! शिवाय रिपीटरला लांबवर ओरडता आले आणि तेवढ्या लांबचे ऐकू आले नाही, तर काय उपयोग? दूरच्या माणसाला आपला आवाज पोहोचतो, तो पुन्हा पुन्हा उत्तर देतो, आणि रिपीटरला मात्र पत्ताच नाही. म्हणून बोलण्याची आणि ऐकण्याची मजल सारखी असावी.

एरियल तर घरगुतीच असते. प्रकाशाचा वेग ३०० भागिले १४५ केले की २.०७ मीटर ही लहरीची लांबी मिळते. तिचा पाव भाग ५२ सेंटिमीटर. धातूच्या दांड्यासाठी पाच टक्के कमी करून ४९ सेंटिमीटर. एवढा दांडा उभा आणि तशाच चार सळ्या खाली ४५ अंशांत उतरत्या : छत्रीच्या काड्यांसारख्या. झाले एरियल!

नियंत्रक पाटीचे काम पहारेकऱ्याचे. ग्राहीत खरोखर कोणी बोलत आहे, की नुसती खरखर आहे, हे ओळखून ती प्रक्षेपक चालू-बंद करते. ठराविक वेळाने मोर्स संकेतात रिपीटरचे सांकेतिक नाव पाठविते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणाचे बटण चुकून दाबलेले राहिले, तर ठरावीक मिनिटांनंतर, समजा तीन, प्रक्षेपक बंद करते. आमच्या त्या तिप्पट सुराच्या फजितीत पेटी तापून जळाली नाही, ती या घड्याळामुळेच.

राहिला पाऊस. रिपीटर लागतो तो बहुधा पावसातच. केबल पेटीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते, पेटीत शिरत नाही. जोडणीच्या जागा रबरी पट्टीने घट्ट गुंडाळाव्यात. आणि विजा चमकत असतील, तर गच्चीवर किंवा टेकडीवर एरियल उभारायला मुळीच जाऊ नये. वादळ ओसरेपर्यंत थांबावे.

तुम्हांला काय करता येईल?

एक गोष्ट ध्यानात ठेवा. परवान्याशिवाय प्रक्षेपक चालविणे हा गुन्हा आहे, आणि रिपीटर बसवायलाही परवानगी लागते. हौशी रेडिओची परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची बिनतारी शाखा घेते. तीत विजेची व रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम विचारतात. शाळकरी वयातही ती देता येते.

तोवर कागद-पेन्सिल घेऊन करण्याजोगे काम सांगतो. तुमच्या गावाचा, डोंगर-टेकड्यांची उंची दाखविणारा नकाशा मिळवा. पाणी तुंबते ती ठिकाणे, दवाखाने, शाळा यांवर खुणा करा. आता एकच रिपीटर आणि एकच बॅटरी तुमच्यापाशी आहे असे समजून, तो कोठे ठेवाल ते ठरवा. क्षितिजाचे सूत्र तुम्हांला आता माहीत आहे. मीरा रोडकरांनी ठाणे आणि वसई ही दोन्ही एका जागेवरून साधतात का, हे जरूर पाहावे; की दोन जागा लागतात? उत्तर सापडले, की एखाद्या सुट्टीच्या दिवशी वडील माणसांबरोबर त्या जागी जा आणि तेथून खरोखर काय काय दिसते ते डोळ्यांनी पडताळून पाहा. नकाशावर नसलेली एखादी नवी इमारत तुमच्या रेषेच्या आड उभी असेल, तर ती पाऊस सुरू होण्याआधी कळलेली बरी.